सज्ञान पालक पाहिजे

लेकीचा फोन चार्जिंगला लावलेला होता, ती आंघोळीला गेली होती, आणि तेवढ्यात भांडारपालांनी त्यातलं एक ॲप काढून टाकलं. मग हात झटकून ते खुर्चीत बसले. घरातली एक चोरी आपण उघडकीला आणली, या समाधानात त्यांनी चहासुद्धा जरा मोठ्यानं भुरकला.

चोरी म्हणजे काय, तर त्या ॲपवर मुलगी फुकटात चित्रकथा वाचायची. जपानी मंगा, वेबकॉमिक, असलं काय काय. कुणीतरी रात्रीचा दिवस करून चित्रं काढतो, दुसराच कुणीतरी ती पानं उचलतो आणि जगाला वाटतो, चित्रकाराच्या हातात दमडी पडत नाही, असं भांडारपालांनी पेपरात वाचलं होतं. आता एका मोठ्या कारखान्याच्या भांडाराच्या किल्ल्या सत्तावीस वर्षं ज्याच्याकडे आहेत, ज्यानं कुणाला सहीशिवाय पेन्सिल दिलेली नाही, त्याच्याच घरात चोरीचा माल? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भांडारपालांचं म्हणणं सहसा चुकीचं नसतंच. पंचाईत त्याच्या पुढे होते.

मुलगी बाहेर आली, फोन हातात घेतला आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिली. "माझ्या चार वर्षांच्या वाचनाच्या खुणा होत्या त्यात," ती म्हणाली. "आणि एका गोष्टीचे शेवटचे तीन भाग राहिले होते." मग तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

दोन दिवसांचा रुसवा, असं भांडारपालांना वाटलं. पण मुलगी त्यांचीच. हट्टाच्या बाबतीत बापाचा साठा आणि तिचा साठा ताळ्याला तंतोतंत जुळत होता. तिसऱ्या दिवशी टेबलावर ती म्हणाली, "आई, बाबांना सांग, पाण्याचा जग इकडे सरकवा." जग भांडारपालांच्या कोपरापाशी होता. त्यांनी निमूटपणे सरकवला. "आई, बाबांना थँक्यू सांग." शिष्टाचारात कुठे कसर नाही, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

महिनाअखेरीस ती शिकायला दुसऱ्या गावी जाणार होती, तीन वर्षांसाठी. तिची बॅग कपाटावरून खाली काढून झाली होती. ती अशीच अबोल्यात गेली तर? एकदा गेलेली पोर सुट्टीला येते ती पाहुणी म्हणून, हे त्यांनी चारचौघांच्या घरी पाहिलं होतं. पण "माझं चुकलं" म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि सवय नसलेली गोष्ट ते एकदम करत नसत. त्यांनी घोषणा केली.

"आठ दिवसांत या घरात उत्तम, कायदेशीर ॲप येईल. माझा शब्द आहे."

कारखान्यात साधा झाडू घ्यायचा तरी तीन दरपत्रकं मागवतात, तुलनात्मक तक्ता मांडतात आणि समिती बसते. ज्या पद्धतीनं झाडू येतो त्याच पद्धतीनं ॲप का येऊ नये? भांडारपालांनी निवड समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य बायको, आणि त्रयस्थ सदस्य तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. मुलीला समितीत घेतलं नाही. कारण उघड होतं: ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची त्याचा हितसंबंध असतो, आणि हितसंबंध असलेल्या माणसाचं मत खरेदीत विचारात घेत नाहीत. हा नियम त्यांनी बायकोला वाचून दाखवला. तिनं "बरं" म्हटलं. पंचवीस वर्षांच्या संसारात या "बरं"चा अर्थ कळायला हवा होता, पण समितीच्या कामाच्या गडबडीत तो राहून गेला.

पहिला प्रश्न हा की कायदेशीर ॲप ओळखायचं कसं. केस कापताना न्हाव्यानं सांगितलं, "जाहिराती कमी असतील तर कायदेशीर समजायचं." औषधांच्या दुकानदारानं सांगितलं, "जाहिराती भरपूर असतील तर कायदेशीर. जाहिरातवाले काय चोराला पैसे देतील?" दोघांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की भांडारपालांनी दोन्ही मतं वहीत उतरवून घेतली. पोस्टमास्तरांचा अनुभव मोठा. ते म्हणाले, "जिथं काम चटकन होतं तिथं काहीतरी गडबड असते बघा. जो फॉर्म दोनदा भरून घेतो तो सच्चा."

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, चित्रं काढणाऱ्याचं नाव दिलंय का ते बघा. आणि तो चित्रकार, नाहीतर त्याचा प्रकाशक, स्वतः कुठलं ॲप सांगतो ते बघा. चोर काही धन्याचं नाव लावून बसत नाही."

हे इतकं सरळ होतं की अध्यक्षांना ते समितीला शोभणारं वाटेना. तरी त्याच कसोटीवर तीन ॲप उरली. नावं बघून मन कलू नये म्हणून भांडारपालांनी त्यांना अ, ब आणि क म्हटलं. मग तिघांचे फोन समोर घेऊन, चष्मा पुसून, तीन ॲपवर तिघांची मिळून नऊ खाती त्यांनी स्वतःच्या हातानं उघडली. फॉर्म भरण्यात या इमारतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नाव, पत्ता, तारीख. तारखेच्या जागी तर ॲपनं आपणहून आजची तारीख मांडून ठेवली होती. किती व्यवस्थित लोक! भांडारपालांनी ठीक आहे म्हणून बटण दाबलं आणि मनातल्या मनात व्यवस्थितपणाचे पाच गुण देऊन टाकले.

ॲप अ नं उत्तर दिलं: "क्षमस्व. ही सेवा आपल्यासाठी नाही." ॲप ब नं तेही सौजन्य दाखवलं नाही, नुसतंच बंद झालं. तिघांच्याही फोनवर तेच. भांडारपालांचे कान लाल झाले. सत्तावीस वर्षांत पुरवठादारानं त्यांना दारातून परत पाठवलं नव्हतं. समितीला अपात्र ठरवणाऱ्या या दोन्ही ॲपना समितीनं जागच्या जागी अपात्र ठरवलं आणि तसा ठराव वहीत लिहिला.

क मात्र वेगळं निघालं. पडद्यावर फुगे उडाले आणि अक्षरं आली: "ये, छोट्या मित्रा! तुझं स्वागत आहे!"

"याला म्हणतात बोलणं," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "मला इतक्या प्रेमानं कुणी बोलावून सत्तर वर्षं झाली असतील."

क वर रोज एक नवा भाग फुकट उघडायचा, दुसऱ्यासाठी उद्यापर्यंत थांबायचं. ही शिस्त भांडारपालांना फारच पसंत पडली. त्याच्या अटी आणि शर्ती बेचाळीस पानांच्या होत्या. जगात त्या वाचणारा माणूस नसतो असं म्हणतात. तो असतो, आणि तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलांच्या सुरक्षेची व्यवस्था इतकी कडक की मुलानं काहीही केलं तरी ते तिच्यातून निसटू शकणार नाही, हे पान एकोणतीसवर वाचून त्यांनी आणखी दहा गुण दिले.

मग वाचन सुरू झालं. संध्याकाळी सहाला समिती दिवाणखान्यात जमायची. क नं त्यांना जी गोष्ट पुढे केली ती एका हत्तीच्या पिल्लाची होती. पिल्लाची छत्री हरवते. पिल्लू बदकाला विचारतं, "तू माझी छत्री पाहिलीस का?" बदक नाही म्हणतं. दुसऱ्या दिवशी पिल्लू बेडकाला विचारतं.

"हे वाचण्यासाठी ती चार वर्षं डोळे फोडत होती?" बायकोनं विचारलं.

भांडारपालही बुचकळ्यात पडले होते. पण पोस्टमास्तर म्हणाले, "वहिनी, वरवर बघू नका. जो तो नाही म्हणतो आणि पिल्लू पुढे जातं. मी चाळीस वर्षं चुकीच्या पत्त्याची पत्रं हाताळली आहेत. मला विचारा यात काय आहे ते." तिसऱ्या दिवशी कासव "हो" म्हणालं आणि छत्री भलतीच निघाली, तेव्हा पोस्टमास्तर उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. हळूहळू भांडारपालांनाही गोडी लागली. कारखान्यात जावक नोंदी तपासताना त्यांच्या मनात येई, आज कुणाला विचारणार? मुलगी दिवाणखान्यातून जा-ये करताना तीन मोठी माणसं एका फोनवर डोकी टेकवून बसलेली बघायची, आणि बॅग भरायला आत जायची.

तक्ता सतरा रकान्यांचा झाला. अक्षरांचा आकार, रंगांचा सौम्यपणा, बॅटरीचा खप, पान उलटण्याची सुलभता, बोधप्रदता. क ला जवळजवळ सगळीकडे पैकीच्या पैकी. स्पर्धेला दुसरं कुणी उरलंच नसल्यामुळे हे तसं अपेक्षित होतं. तिघांनी सह्या केल्या.

आठव्या दिवशी भांडारपालांनी मुलीला बाहेर बोलावलं. पोस्टमास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. भांडारपालांनी तक्ता तिच्या हातात दिला आणि घसा साफ केला.

"तू जे वाचतेस ते मी वाचलं," ते म्हणाले. "मी उगाच त्याला नावं ठेवली. छत्री हरवणं आणि ती दारोदार विचारत फिरणं, माणूस तरी जन्मभर दुसरं काय करतो? आता हे कुटुंब-सदस्यत्व घेतलं की झालं. फक्त ते बटण काही दाबलं जात नाहीये."

मुलीनं तक्त्यावरून नजर फिरवली. मग तिनं आईकडे पाहिलं. "आई, बाबांना विचार, कुठली छत्री?"

"हत्तीच्या पिल्लाची," पोस्टमास्तरांनी परस्पर सांगितलं.

तिनं फोन हातात घेतला, दोनचार ठिकाणी बोट फिरवलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय की काय, असं भांडारपालांना क्षणभर वाटलं. तसं काही नव्हतं.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "बाबांना सांग, ते सहा दिवसांचे आहेत. तूसुद्धा सहा दिवसांची आहेस. आणि काका तुमच्यापेक्षा पाऊण तासानं लहान आहेत."

ॲपनं विचारली होती ती जन्मतारीख. भांडारपालांच्या हातानं सत्तावीस वर्षांच्या सवयीनं फॉर्म भरल्याची तारीख दिली होती, एकदा नाही, नऊ वेळा. ॲप अ नं तान्ह्या बाळाला दारात उभं केलं नाही यात त्याची काही चूक नव्हती. आणि गेले सहा दिवस तीन प्रौढ माणसं रोज संध्याकाळी, वर्षाच्या आतल्या मुलांसाठीचं साहित्य चर्चेसह वाचत होती. हा प्रसंग भांडारपाल हल्ली स्वतःच सांगतात, आणि इथं आले की पाणी मागतात.

चूक झाली तर दुरुस्ती करायची. त्यांनी ॲपच्या मदतकक्षाला लिहिलं: "माझी जन्मतारीख चुकीची नोंदली गेली आहे. मी चोपन्न वर्षांचा आहे."

उत्तर आलं: "वा, किती छान! आता फोन घरातल्या मोठ्या माणसाकडे दे."

त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचं ओळखपत्र आणि दोन पानी अर्ज पाठवला. उत्तर आलं की बाळाची कागदपत्रं सज्ञान पालकानंच पाठवावीत. त्यांनी बायकोला पालक नेमलं. उत्तर आलं की पालक आणि पाल्य एकाच दिवशी जन्मलेले दिसतात, तेव्हा दोघांसाठी मिळून एक सज्ञान पालक शोधावा. नवं खातं उघडावं, तर पान एकोणतीसप्रमाणे बाळाच्या फोनवर दुसरं खातं उघडत नाही. त्या पानाला आपण दहा गुण दिले होते हे त्यांना राहून राहून आठवत होतं.

"मी पंचवीस वर्षं तुमची पालकच आहे," बायको म्हणाली. "आता ते लेखी मागतायत तर मी काय करू?"

पोस्टमास्तरांना काही दुरुस्ती नको होती. "मला आहे तसाच राहू दे," ते म्हणाले. "पिल्लू आता उंदरापर्यंत आलंय."

चार दिवस गेले. आठ दिवसांचा शब्द मोडून चार दिवस, आणि मुलगी जायला तीन दिवस उरलेले. तिच्या खोलीतली पुस्तकं खोक्यात गेली होती आणि भिंतीवर चित्रांच्या जागी चिकटपट्टीचे डाग राहिले होते. त्या ॲपवर खरी जन्मतारीख देऊ शकेल असं, अठरा पूर्ण झालेलं घरातलं माणूस एकच होतं. भांडारपालांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्या मुलीचा फोन तिच्या माघारी उघडला, तिच्याकडे जाऊन "माझी पालक हो" म्हणायचं? त्यापेक्षा जन्मभर बदकं आणि बेडूक वाचलेले काय वाईट, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

शेवटी रविवारी सकाळी त्यांनी कोरा कागद घेतला. तोंडानं जे जमत नाही ते कागदावर जमतं, हा त्यांचा अनुभव. "विषय: पालकत्व स्वीकारण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की..." हात भराभर चालला. "तसेच, गेल्या पंधरवड्यात आपला फोन आपल्या अनुपस्थितीत हाताळण्यात आला..."

इथं पेन थांबलं. भांडारात काच फुटली की असंच लिहितात, काच फुटल्याचे आढळून आले. कुणाच्या हातून, ते कधीच लिहीत नाहीत. भांडारपालांनी ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: "तुझा फोन मी उघडला. विचारायला हवं होतं. माझं चुकलं." मग सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःजवळ ठेवायची स्थळप्रत न काढता कागद तिच्या हातात नेऊन दिला.

तिनं उभ्याउभ्याच वाचला. दोनदा वाचला. खोक्यांमधली एक खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि स्वतःच्या फोनवर तिनं पालकाचा फॉर्म उघडला. भांडारपाल तिच्या मागे उभे राहिले. लागेल ती माहिती द्यायला ते तयार होते.

पण तिनं काही विचारलंच नाही.

पाल्याच्या आवडी: तिनं लिहिलं, "जुनी यंत्रं. समुद्रावरचे प्रवास. ज्यात शेवटी सगळं जागच्या जागी लागतं अशा गोष्टी." पाल्याला काय दाखवू नये: "कुत्रा मरतो अशी गोष्ट. दोन दिवस नीट जेवत नाहीत आणि पित्त झालंय म्हणतात." रोज किती वेळ वाचू द्यावं: "अर्धा तास. पुढे मान दुखते, पण सांगत नाहीत."

भांडारपालांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पित्ताचं त्यांनी बायकोलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. हा फॉर्म उलटा आपल्यासमोर आला असता तर? पाल्याच्या आवडी. त्यांनी आठवून पाहिलं. ससे. पण ससे तिला सहा वर्षांची असताना आवडायचे. त्यानंतरची नोंद काही त्यांना सापडेना. तक्त्यात बॅटरीच्या खपाला रकाना होता, ती काय वाचते याला नव्हता. त्यांना लाज वाटली. चारचौघांत वाटते तसली नव्हे, एकट्याला वाटते ती.

"तुझे ते तीन भाग," ते म्हणाले, "कुठल्या गोष्टीचे राहिले होते गं?"

तिनं वळून पाहिलं. "बाबा, हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय." आईला निरोप नव्हता. सरळ त्यांनाच.

"हो," भांडारपाल म्हणाले. "क वर आहे का ती?"

"नाही. अ वर आहे. तुमच्या समितीनं अपात्र ठरवलं ना, त्याच्यावर."

भांडारपाल हसले. आधी जरा कसनुसे, मग पोटातून. सतरा रकाने, तीन सह्या, आणि हवी ती वस्तू पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवलेली. भांडारातल्या कुणी असली खरेदी केली असती तर त्यांनी त्याला उभा आडवा घेतला असता.

"काय आहे त्या गोष्टीत?"

"एक बंदर असतं," ती म्हणाली. आधी जपूनच बोलत होती, समोरचा कधी मान फिरवेल याचा अंदाज घेत. "तिथली एक कारकून बाई हरवलेल्या जहाजांची नोंदवही ठेवते. सगळे म्हणतात, जहाजं बुडाली, वही बंद कर. ती रोज सकाळी वही उघडते आणि प्रत्येक जहाजापुढे लिहिते, आज आलं नाही. तारीख घालते, सही करते. चारशे भाग झाले. चार वर्षं वाचतेय मी."

"नोंद बुडाली अशी नाही करत?"

"नाही. स्वतः पाहिल्याशिवाय कशी करणार?"

"बरोबर आहे तिचं," भांडारपाल एकदम म्हणाले. "पावती हातात आल्याशिवाय नोंद बंद करायची नसते."

"मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार," ती म्हणाली. "दर दोन भागांनंतर वाटायचं, बाबांना दाखवावं. पण तुम्ही म्हणाला असता, चित्रांची पुस्तकं कसली वाचतेस एवढी मोठी घोडी. मग नाही दाखवलं."

ते तसंच म्हणाले असते. हे नाकारायला भांडारपालांकडे एकही कागद नव्हता. त्यांनी पुस्तकांचं एक खोकं जवळ ओढलं, आणि त्यावर बसले.

"शेवटी येतात का जहाजं?"

"ते त्या तीन भागांत आहे. मला नाही माहीत." तिनं फोनवर ॲप अ उघडलं, शोधलं, आणि फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला. "पण असं मधूनच नाही कळायचं. पहिल्या भागापासून वाचावं लागेल. चारशे आहेत."

"तू तर परवा जाणार."

"मग?" ती म्हणाली. "अ वर तुमचं वय मी नीट करून जाते. रोज फोन करीन मी. तुम्ही किती वाचलंत ते सांगायचं. तुम्ही तिथवर येईपर्यंत मी शेवट उघडणार नाही."